बरे झालेले मूल मागे का पडते?

क्ष-किरण किंवा गॅमा किरण यांनी कर्कपेशी मारता येतात हे आपण पाठ्यपुस्तकात वाचतो. पण ते किरण मेंदूतून गेले, रोग हटला आणि चार-पाच वर्षांनी त्या मुलाला वर्गात गणित झेपेनासे झाले तर? असे पुष्कळ मुलांच्या बाबतीत घडले, आणि ते ध्यानात यायलाही बरीच वर्षे लागली.

अमेरिकेतील मेंफिस शहरात १९६२ साली सेंट ज्यूड हे मुलांचे रुग्णालय सुरू झाले. त्या काळी तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया, म्हणजे मुलांत सर्वाधिक आढळणारा रक्ताचा कर्करोग, झालेले मूल वाचण्याची आशा जवळजवळ नसे. औषधांनी रक्त शुद्ध होई, पण काही महिन्यांनी रोग उलटे आणि पुष्कळदा तो मेंदूच्या आवरणांतून उलटे. मेंदूतील रक्तवाहिन्यांच्या भिंती रक्तातली बरीच औषधे पलीकडे जाऊ देत नाहीत. त्यामुळे कर्कपेशींना तेथे दडून बसायला आयतीच जागा मिळे. रुग्णालयाचे पहिले संचालक डॉ. डोनाल्ड पिंकेल यांनी विचार केला, की औषध पोचत नसेल तर किरण पोचवावेत. आधी दिलेल्या लहान मात्रा पुरल्या नाहीत. मग १९६७-६८ मधील प्रयोगात मुलांच्या डोक्याला कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांची २४ ग्रे एवढी मात्रा थोडी थोडी करून दिली गेली. जोडीला मेथोट्रेक्सेट हे औषध पाठीच्या कण्यातील द्रवात सोडले गेले. जवळजवळ निम्मी मुले कायमची बरी झाली! साहजिकच ही पद्धत सर्वत्र रूढ झाली.

२४ ग्रे म्हणजे किती? एक किलोग्रॅम पदार्थात एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली की ती मात्रा एक ग्रे. एक किलोग्रॅम पाणी एक अंश सेल्सियसने तापवण्यास सुमारे ४२०० ज्यूल लागतात. मग २४ ज्यूलांनी ते किती तापेल? गणित करून पाहा, उत्तर ०.००६ अंशापेक्षाही कमी येईल. गरम चहाच्या एका घोटातून शरीराला याच्या कितीतरी पट ऊर्जा मिळते. परंतु चहाची ऊर्जा असंख्य रेणूंत वाटली जाते. गॅमा किरणाचा एकेक कण मात्र अणूंमधून इलेक्ट्रॉन उखडून काढतो आणि पेशीतील डीएनएचे धागे तुटतात. ज्या पेशींचे विभाजन चालू असते त्यांना ही मोडतोड सर्वांत जास्त भोवते. कर्कपेशी अशाच असतात. दुर्दैवाने वाढत्या मेंदूतील काही पेशीही अशाच असतात.

मज्जातंतूंवर मायेलिन नावाचे स्निग्ध आवरण असते आणि त्यामुळे संदेश वेगाने धावतात. हे आवरण बालपणी झपाट्याने तयार होत असते. ते तयार करणाऱ्या पेशींना किरणांची झळ पोचली, की विचारांची गतीच मंदावते.

१९७५ साली सेंट ज्यूडमधील मुलांच्या बौद्धिक चाचण्या प्रसिद्ध झाल्या तेव्हा विशेष फरक दिसला नव्हता. सर्वांना हायसे वाटले असणार. पण १९८१ साली दुसऱ्या एका अभ्यासात बुद्ध्यंक उतरल्याचे आढळले. मग आधीची मोजणी चुकली होती काय? तसे म्हणता येत नाही. दोन सायकलस्वार एकाच ठिकाणाहून निघाले आणि एकाचा वेग थोडा कमी असला, तर पहिल्या मिनिटाला अंतर दिसत नाही, तासाभराने दिसते. येथेही तसेच झाले. मूल शिकलेले विसरत नव्हते. नवे शिकण्याचा त्याचा वेग कमी झाला होता. चाचणीत तुलना होते ती त्याच वयाच्या इतर मुलांशी, आणि ती तर पुढे निघून गेलेली. उपचाराच्या वेळी मूल जितके लहान, तितका परिणाम अधिक. लक्ष टिकणे, चार गोष्टी एकाच वेळी मनात धरणे, वेळेत उत्तर लिहिणे, नेमके हेच अडते.

अशी मुले आपल्या वर्गात असू शकतात. केस परत आलेले असतात, मूल धडधाकट दिसते, म्हणून त्याच्या सावकाशीला आळस म्हटले जाते. माझ्या मते रोगापेक्षाही हे नाव त्या मुलाला जास्त लागते. रीत त्याला येत असते. वेळ मात्र जास्त हवा असतो.

पुढे मात्रा २४ वरून १८ ग्रेवर आणली गेली. शेवटी सेंट ज्यूडमध्येच २००० ते २००७ या काळात ४९८ मुलांवर डोक्याला मुळीच किरण न देता उपचार केले गेले. मेथोट्रेक्सेट व इतर औषधांचा वापर अधिक काटेकोरपणे केला. पाच वर्षांनी जिवंत असण्याचे प्रमाण ९३.५ टक्के निघाले. आता या रोगातील बहुतेक मुलांना डोक्यावर किरण घ्यावे लागत नाहीत. मात्र मेथोट्रेक्सेटचाही लक्ष देण्याच्या शक्तीवर थोडाफार परिणाम होतो, आणि सोबतच्या स्टेरॉइड औषधांनी झोप व स्वभाव काही काळ बिघडतो. म्हणून उपचार संपल्यानंतरही या मुलांच्या चाचण्या अधूनमधून घ्याव्या लागतात.