एका होकाराची किंमत

चऱ्होलीच्या इंद्रायणीकांठापासून भोसरी फार दूर नाहीं. १९९२ सालीं राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था या नांवानें स्थापन झालेली संस्था तेथेंच आहे. रक्ततपासणीच्या कामांत पदोपदीं आड येणारें एक कोडें आज आपणांपुढें मांडावयाचें आहे.

समजा, चऱ्होलींतील एका प्रौढ माणसानें, कसलीहि तक्रार नसतां, रक्त तपासून घेतलें. चाचणी अशी कीं, एच. आय. व्ही.ची बाधा असलेल्या प्रत्येकास ती ओळखते. मात्र बाधा नसलेल्या १०० जणांपैकीं एकास चुकून बाधित ठरविते. या गृहस्थांचें उत्तर होकारार्थी आलें. त्यांना खरोखरच बाधा असण्याचा संभव किती? बहुतेक जण तत्काळ म्हणतील, १०० त ९९!

आतां हिशेब पाहूं. भारतांतील प्रौढांत ही बाधा हजारीं सुमारें दोघांना आहे. म्हणजे १०,००० माणसांत २०. हे वीसहि जण चाचणींत सांपडतील. परंतु उरलेल्या ९,९८० निरोगी माणसांपैकींहि सुमारें १०० जण विनाकारण सांपडतील. एकूण होकार १२०, त्यांतील खरे २०. म्हणजे संभव केवळ सहांत एक!

यांत चाचणीचा दोष मोठा नाहीं. निरोगी माणसांचा समुदायच एवढा अफाट, कीं त्यांतील अल्प चूकहि खऱ्या रोग्यांहून संख्येनें भारी पडते. बाधा नसतां होकार येणें ही एक गोष्ट, आणि होकार आला असतां बाधा नसणें ही दुसरी. पहिलीचा संभव शंभरांत एक, दुसरीचा सहांत पांच. हा उलटा हिशेब मांडणारा टॉमस बेझ यांचा निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १७६३ सालीं, प्रसिद्ध झाला.

मग त्या गृहस्थांनीं काय करावें? या १२० जणांची निराळ्या तत्त्वावरील, तितक्याच अचूक चाचणीनें पुन्हां तपासणी केली, तर खरे वीस कायम राहतील आणि निरोग्यांपैकीं एखादाच उरेल. तिसऱ्या चाचणींत तोहि बहुधा सुटेल. म्हणूनच आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमांत, लक्षणें नसलेल्या व्यक्तीस तीन निरनिराळ्या चाचण्या होकारार्थी आल्यावांचून बाधित ठरवीत नाहींत. एकच चाचणी तीनदां केली, तर ज्या कारणानें ती प्रथम फसली, त्याच कारणानें ती पुन्हां फसावयाची.

तेव्हां पहिला होकार हा निकाल नव्हे. ती पुढील तपासणीची सूचना होय. तेवढ्यावरून कोणाचें लग्न मोडूं नये, कोणास घराबाहेर काढूं नये, आणि पुढील तपासणीहि टाळूं नये.