गाणे एक, हक्कदार अनेक

आषाढात तुकोबांची पालखी बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असा मार्ग आक्रमू लागते, त्याच सुमारास वारीची नवी गाणीही मोबाईलवर येऊ लागतात. इंदापूरच्या कुणी शब्द लिहावेत, बारामतीच्या कुणी चाल लावावी, तिसऱ्याने पदरमोड करून ध्वनिमुद्रण करावे, असा एखाद्या गाण्याचा जन्म असतो. पैशाचा प्रश्न गाणे चालल्यावर निघतो. तोवर अनेकदा साधा कागदही झालेला नसतो.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या दृष्टीने गाणे ही एकच मालमत्ता नव्हे. शब्द गीतकाराचे, चाल संगीतकाराची आणि ध्वनिमुद्रण ते घडवून आणण्याची जबाबदारी घेणाऱ्या निर्मात्याचे. गायकाचा हक्क आणखी निराळा. ‘गीतरामायणा’चे उदाहरण बोलके आहे. हक्काची मुदत कर्त्याच्या निधनानंतर ६० वर्षे असल्याने ग. दि. माडगूळकर (निधन १९७७) यांच्या शब्दांची मुदत २०३७ अखेर संपेल, तर सुधीर फडके (निधन २००२) यांच्या चालींची २०६२ अखेर. याउलट बारामतीच्या मोरोपंतांची आर्या घेतली, तर शब्दांना वाटेकरीच नाही. नवी चाल मात्र लावणाऱ्याची.

खरी अडचण चालीतच होते. दोघांनी मिळून चाल बांधली आणि कुणाचे काय हे वेगळे काढता येत नसेल, तर दोघेही सहकर्ते ठरतात. पण कुणाचा किती टक्के, हे कायदा सांगत नाही. एका सहमालकाला दुसऱ्याच्या संमतीवाचून परवाना देता येत नाही, असे मुंबई उच्च न्यायालयाने २००८ मध्ये म्हटले आहे. वाद्यमेळ रचणाऱ्या अरेंजरचा तर कायद्यात वेगळा उल्लेखही नाही. त्याला वाटा द्यायचा, तर तो लिहूनच द्यावा लागतो.

हक्क दुसऱ्याच्या नावे करायचा, तर लेखी व सहीचा करार हवा. तोंडी शब्द पुरत नाही. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे आणि प्रदेश लिहिला नसेल तर केवळ भारत, असे धरले जाते. दोन-चार हजारांत ‘सर्व हक्क दिले’ अशी पावती करून देणाऱ्यांसाठी २०१२ ची दुरुस्ती महत्त्वाची आहे. गीतकार आणि संगीतकार यांना रॉयल्टीतील आपला समान वाटा सोडून देता येत नाही. वारस किंवा कॉपीराइट सोसायटी एवढाच त्याला अपवाद. तसा करार केला, तरी तो निरर्थक.

शब्द आणि चाल यांची टक्केवारी निरनिराळी लिहावी, प्रसारणास संमती कोण देणार ते ठरवावे आणि गाणे बाहेर पडण्यापूर्वी सर्वांनी सह्या कराव्यात. इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटीत सभासद होऊन गाणे नोंदवताना हेच वाटे विचारले जातात. तेथे दोघांनी दोन आकडे लिहिले, तर रक्कम जमा होऊनही वाटप अडून राहते.