मुदत उलटलेले खाद्यपदार्थ आणि शालेय आहार

दीर्घ सुटीनंतर शाळा उघडली म्हणजे मुख्याध्यापकांपुढे जी कामे पहिल्याच दिवशी उभी राहतात, त्यांत आहाराच्या कोठीची तपासणी हे एक महत्त्वाचे काम होय. सुटीपूर्वी उरलेला अर्धे पोते तांदूळ, मूगडाळीची काही पाकिटे, तेलाच्या चार-दोन पिशव्या, हळद-तिखटाच्या पुड्या असा माल तेथे पडून असतो. त्यांपैकी काहींवरील तारीख उलटून गेलेली असते. अशा वेळी दोन मते हमखास ऐकू येतात. ‘डाळ तर चांगली दिसते, मग टाकायची कशाला?’ असे एक जण म्हणतो. ‘तारीख गेली, म्हणजे ते विषच झाले’, असे दुसरा म्हणतो. ही दोन्ही मते अपुरी आहेत. आणि यांहूनही अपुरी अशी एक तिसरी समजूत आहे. ती अशी की, तारीख शिल्लक आहे तोवर काळजीचे कारण नाही. या तिन्ही मतांचा शास्त्राच्या आधारे विचार करून शाळेत निर्णय कसा घ्यावा, हे पाहणे इष्ट होय.

तारखेचे दोन अर्थ

पाकिटावर छापलेल्या तारखा एकाच अर्थाच्या नसतात. ‘बेस्ट बिफोर’ म्हणजे त्या तारखेपर्यंत पदार्थाची चव, वास, रंग व कुरकुरीतपणा हे गुण उत्तम राहतील असे उत्पादकाचे सांगणे. ती तारीख उलटल्यावर पदार्थाचा दर्जा उतरतो. तो अपायकारक होतोच असे नाही. ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ या तारखेचा अर्थ मात्र अधिक कडक आहे. त्या दिवसानंतर पदार्थाचा दर्जा व सुरक्षितता या दोहोंची अपेक्षा धरता येत नाही, आणि तो विकण्यास कायद्याने मनाई आहे. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ याखाली झालेल्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनी ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही तारीख सक्तीची केली असून ‘बेस्ट बिफोर’ छापणे ऐच्छिक ठेवले आहे. म्हणून पाकीट हाती घेताच केवळ आकडे न वाचता त्यांच्या आधीचे शब्द वाचावेत.

याखेरीज एक गोष्ट बहुधा दृष्टीआड होते. छापलेली तारीख ही सशर्त असते. पाकीट बंद आहे आणि ते सांगितल्याप्रमाणे कोरड्या व थंड जागी ठेवले आहे, या दोन अटींवरच ती खरी. पाकीट फोडले की ती अट मोडली. पत्र्याच्या छपराखालील खोलीत एप्रिल-मेच्या उन्हाळ्यात तेलाची पिशवी दोन महिने राहिली, किंवा जूनच्या पावसात डाळीच्या पोत्याला ओल लागली, तर तारखेला अवधी असूनही माल बिघडू शकतो. तारीख हा एक पुरावा आहे. निवाडा करताना इतरही पुरावे पाहावे लागतात.

अन्न बिघडण्याच्या वाटा

अन्न नासते म्हणजे नेमके काय होते, हे समजले की पुष्कळ शंका आपोआप फिटतात. नासण्याच्या वाटा मुख्यतः तीन आहेत.

पहिली वाट खवटपणाची. तेलातील स्निग्धांशाचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. प्रकाश व उष्णता यांमुळे ही क्रिया वेगाने चालते. त्यातून उग्र वासाचे पदार्थ निर्माण होतात. शेंगदाणे, खोबरे, तीळ यांना खवटपणा लवकर येतो तो त्यांतील तेलामुळेच. अखंड धान्यापेक्षा पीठ लवकर बिघडते, कारण दळताना धान्यातील स्निग्धांश उघडा पडतो. खवटपणा नाकाला ताबडतोब कळतो, हे त्यातल्या त्यात चांगले. मीठ व साखर यांमध्ये मात्र जंतूंना वाढण्यास लागणारे पाणीच मिळत नाही, म्हणून ती कोरडी राहिल्यास दीर्घकाळ टिकतात. आयोडीनयुक्त मीठ उघडे राहिले किंवा त्याला ओल लागली, तर त्यातील आयोडीन कमी होते, एवढे ध्यानात ठेवावे.

दुसरी वाट किडीची व बुरशीची. तांदळातील सोंडे किंवा कडधान्यातील भुंगेरे हे किळसवाणे खरे. परंतु त्यांच्यापेक्षा त्यांच्या मागोमाग येणारी ओल व बुरशी अधिक भयावह असते. धान्याची गोळी बनणे, कोंदट वास येणे, दाण्यावर हिरवट, पिवळट वा काळसर थर दिसणे ही बुरशीची लक्षणे होत. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी अकस्मात मरण पावले. शोध करता त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीत एका बुरशीने निर्माण केलेले विष सापडले. त्यालाच पुढे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. आपल्या देशातही १९७४ साली राजस्थान व गुजरात या राज्यांतील आदिवासी खेड्यांत बुरशी आलेला मका खाल्ल्याने यकृताच्या विकाराची साथ उद्भवली आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. तो मका भुकेपोटीच खाल्ला गेला होता. हे विष धुण्याने पूर्णपणे निघत नाही, नेहमीच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही आणि धान्याला ऊन दिल्याने बुरशीची वाढ थांबली तरी आधी तयार झालेले विष तसेच राहते. म्हणून ‘वरची बुरशी काढून बाकीचे वापरू’ हा विचार धान्याच्या व शेंगदाण्यांच्या बाबतीत सर्वथा त्याज्य मानावा.

तिसरी वाट जंतूंची, आणि शाळेत तीच सर्वांत जवळची आहे. शिजवलेल्या खिचडीच्या पातेल्यावर कोणीही तारीख छापत नाही. तिची मुदत घड्याळावर मोजावी लागते. सुमारे ५ ते ६० अंश सेल्सियस या तापमानाच्या पट्ट्यात जंतू वाढतात. अनुकूल परिस्थितीत काही जंतूंची संख्या वीस मिनिटांत दुप्पट होते. म्हणजे तासाला तीन वेळा आणि चार तासांत बारा वेळा दुपटी होते, व एका जंतूचे ४,०९६ जंतू होतात. भातात आढळणाऱ्या ‘बॅसिलस सिरियस’ या जंतूचे बीजाणू उकळूनही मरत नाहीत. भात कोमट अवस्थेत पडून राहिला की ते वाढू लागतात, आणि त्यांनी निर्माण केलेले वांती घडवणारे विष पुन्हा गरम केल्याने जात नाही. शिजवलेले अन्न नेहमीच्या तापमानाला दोन तासांपेक्षा अधिक काळ ठेवू नये, आणि उन्हाळ्यात तर हा अवधी आणखी कमी धरावा, असा जो नियम सांगितला जातो त्याचे कारण हेच. सकाळच्या सत्रातील उरलेली खिचडी तापवून दुपारच्या सत्रातील मुलांना वाढणे म्हणूनच धोक्याचे आहे.

नाक, डोळे आणि जीभ

आपल्या गृहिणींचा अन्नाविषयीचा अनुभव मोठा आहे. डाळ मुठीत घेऊन, पीठ हुंगून त्या जे सांगतात ते सहसा चुकत नाही. परंतु ज्ञानेंद्रियांच्या साक्षीला एक मर्यादा आहे, ती शिक्षकांनी नीट समजून घ्यावी. वाईट वास हा अन्न नाकारण्यास पुरेसा पुरावा आहे. चांगला वास हा अन्न स्वीकारण्यास पुरेसा पुरावा नाही. अन्न आंबवणारे व दुर्गंधी आणणारे जंतू वेगळे आणि माणसाला आजारी पाडणारे जंतू पुष्कळदा वेगळे असतात. दुसऱ्या प्रकारच्या जंतूंनी भरलेले अन्न रंग, वास व चव यांत किंचितही बदललेले नसते.

मुले जेवण्यापूर्वी शिक्षकाने व अन्य प्रौढ व्यक्तींनी आहार चाखावा असा नियम आहे. तो कटाक्षाने पाळलाच पाहिजे. मात्र त्याचाही अर्थ मर्यादित आहे. काही जंतूंची बाधा प्रकट होण्यास कित्येक तास, तर कधी एक-दोन दिवसही लागतात. घासभर खिचडी खाऊन थोड्या वेळात काही झाले नाही, एवढ्यावरून अन्न निर्दोष ठरत नाही. चाखणे ही शेवटची तपासणी आहे. आधीच्या तपासण्यांची जागा ती घेऊ शकत नाही.

१६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील सारण जिल्ह्यातील एका गावी शालेय भोजनातून विषबाधा होऊन २३ मुले मरण पावली. अन्नात मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक आढळले. तेलाविषयी स्वयंपाक करणाऱ्या महिलेने आधी शंका व्यक्त केली होती, असे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले. या घटनेचा छापील तारखेशी काही संबंध नव्हता. म्हणूनच ती येथे स्मरणात ठेवण्यासारखी आहे. तारखेकडे पाहणारा डोळा भांड्याकडे, साठवणुकीकडे आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईंच्या बोलण्याकडेही गेला पाहिजे. कोठीत फवारणीची औषधे किंवा त्यांचे रिकामे डबे क्षणभरही ठेवू नयेत. स्वयंपाकी ताईंनी ‘आज तेलाचा वास निराळा येतो’ असे म्हटले, तर त्या दिवशी ते तेल चुलीवर जाता कामा नये.

निर्णयाचा क्रम

कोठीतील कोणत्याही पदार्थाविषयी शंका आल्यास पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत :

१. पाकिटावर कोणत्या शब्दांपुढे तारीख आहे, आणि ती उलटली आहे काय?

२. पाकीट बंद आहे की फोडलेले? फोडले असल्यास केव्हा?

३. मधल्या काळात त्यास ऊन, ओल, उंदीर यांचा उपद्रव झाला आहे काय?

४. बुरशी, जाळी, गोळी, खवट वा कोंदट वास यांपैकी एखादे लक्षण दिसते काय? डबा किंवा पिशवी फुगली आहे काय? फुगलेल्या डब्यातील पदार्थ परीक्षेसाठीही जिभेवर ठेवू नये.

५. हे अन्न कोण खाणार आहे?

यांतील पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. घरी एखाद्या प्रौढ माणसाने ‘बेस्ट बिफोर’ची तारीख आठवड्यापूर्वी उलटलेले बिस्किट स्वतःच्या जबाबदारीवर खाल्ले, तर त्यात फारसे वावगे नाही. शाळेतील मूल मात्र निवड करीत नाही. ताटात पडेल ते ते विश्वासाने खाते. एका पातेल्यातील दोष एकाच वेळी शंभर मुलांच्या पोटात जातो. शिवाय उलटी-जुलाबांनी लहान मुलांच्या शरीरातील पाणी मोठ्यांपेक्षा लवकर घटते. यास्तव शाळेपुरता नियम साधा ठेवावा. तारीख कोणत्याही शब्दांपुढची असो, ती उलटली की तो पदार्थ मुलांच्या ताटात जाऊ नये. आणि पहिल्या चार प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर शंकास्पद आले, तर तारीख शिल्लक असली तरीही जाऊ नये.

असा माल कोठीतून काढून वेगळा ठेवावा, त्यावर ‘वापरू नये’ अशी चिठ्ठी लावावी, शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांसमक्ष त्याचे वजन करून साठा नोंदवहीत नोंद घ्यावी आणि वरिष्ठ कार्यालयास लेखी कळवावे. नोंद केल्याने शिक्षकावर ठपका येईल, या भीतीने माल गुपचूप वापरून टाकणे हा सर्वांत वाईट मार्ग होय. बुरशीचे धान्य गुरांनाही घालू नये. दुभत्या जनावराच्या पोटात गेलेल्या अफ्लाटॉक्सिनचा अंश दुधात उतरतो, आणि ते दूध पुन्हा मुलांच्याच पेल्यात येते.

माल उरू नये म्हणून

टाकण्याची वेळच येऊ नये यासाठी थोडी शिस्त पुरते. आधी आलेला माल आधी वापरावा. नवे पोते आल्यावर जुने मागे ढकलले जाते, ते टाळावे. डाळ किंवा मसाला डब्यात ओतताना पाकिटावरील तारखेचा भाग कापून त्याच डब्यावर चिकटवावा व डबा उघडल्याचा दिवस लिहावा. पोती जमिनीला वा भिंतीला टेकवू नयेत. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवावीत. सुटीपूर्वी पंधरा दिवस साठ्याचा हिशेब पाहून पुढील मागणी बेताची करावी. प्राथमिक वर्गातील प्रत्येक मुलामागे दररोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ आणि ५ ग्रॅम तेल हे प्रमाण ठरलेले असल्यामुळे हा हिशेब कठीण नाही.

हाच विषय वर्गातही नेता येईल. मुलांनी घरून रिकामी पाकिटे आणावीत, त्यांवरील तारखा वाचाव्यात, मुदतीचे दिवस मोजावेत. जंतूंच्या दुपटीचे गणित पाचवीच्या मुलांना फळ्यावर करून दाखवता येते. शाळेत शिकलेले मूल संध्याकाळी वाण्याच्या दुकानात पाकीट उलटून तारीख पाहू लागले, तर तो पाठ यशस्वी झाला असे समजावे.

अन्नाला नमस्कार करून, श्लोक म्हणून जेवावयास बसण्याची आपली परंपरा आहे. त्या संस्कारात वाढलेल्या शिक्षकाचा हात अन्न टाकताना अडखळतो, हे स्वाभाविक व आदरणीयच आहे. परंतु बिघडलेली डाळ मुलांना वाढल्याने तिचा मान राखला जात नाही. तिचा अनादर ती कोठीत विसरली गेली तेव्हाच झालेला असतो. तेव्हा दर शनिवारी अर्धा तास कोठी उघडून प्रत्येक पोते व प्रत्येक डबा पाहण्याचा परिपाठ प्रत्येक शाळेने ठेवावा, आणि त्या पाहणीची नोंद मुख्याध्यापकांच्या स्वाक्षरीने त्याच दिवशी करावी.