विमा प्रतिनिधीची नीती

विमा म्हणजे थोड्यांवरचे संकट पुष्कळांनी वाटून घेणे. कामगारांचा संपफंड असतो, तसाच हा मृत्यूसाठीचा फंड. अर्जात खोटे लिहिणारा कचेरीला फसवतो असे आपण समजतो. वस्तुतः तो इतर हप्तेकऱ्यांच्या गाठोड्यात हात घालतो.

आता पाथर्डीकडचा एखादा ऊसतोडणी कामगार घ्या. त्याला क्षयाचे औषध चालू आहे. अर्ज प्रतिनिधी भरतो, हा अंगठा उठवतो. आजाराच्या रकान्यात ‘नाही’ लिहिले की काम सोपे, आणि कमिशन तर पहिल्याच वर्षी सर्वांत मोठे. जॉन स्टुअर्ट मिल सांगतो, परिणाम पाहा. प्रतिनिधी म्हणेल, गरिबाला विमा मिळाला, परिणाम उत्तमच! पण परिणाम मोजायचा कोठवर? 1938 च्या विमा कायद्याचे 45 वे कलम 2015 साली दुरुस्त झाले. तीन वर्षांनंतर पॉलिसीवर कोणत्याही कारणाने आक्षेप नाही, असे त्यात ठरले. मात्र त्याआधी विमेदार वारला आणि फसवणुकीचा आरोप आला, तर तो खोडण्याचा भार वारसावर टाकला. म्हणजे लिहिले प्रतिनिधीने आणि जाब देणार विधवा!

कांट विचारतो, तुझा नियम सर्वांनी पाळला तर? प्रत्येक अर्ज खोटा झाला, तर हप्ता ठरवायचा कशावरून? मला येथे कांट अधिक पटतो. अर्थात त्याला मार्चअखेरचा कोटा पुरा करायचा नव्हता.

1956 साली चिंतामणराव देशमुखांनी आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण केले. मालक बदलला, रकाना तोच राहिला. त्यात ‘क्षय, औषध चालू’ असे लिहावे, ते कामगाराला मोठ्याने वाचून दाखवावे, आणि हप्ता वाढेल किंवा अर्ज लांबणीवर पडेल हेही अंगठ्याआधीच सांगावे.