तीस हजार एकर आणि अर्धा टक्का

न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधल्या प्राणिसंग्रहालयाजवळ हॉटडॉगची एक हातगाडी लावायची, तर वर्षाला शहराकडे किती पैसे भरावे लागतील? २०१३ साली त्या जागेचा दर होता २,८९,५०० डॉलर. म्हणजे दिवसाला सुमारे ७९३ डॉलर, तेही पहिला पाव गरम करायच्या आधी! गंमत अशी, की बागेतल्या गाड्यांचे आणि खानावळींचे हे पैसे उद्यान विभागाच्या हाती राहत नाहीत. ते शहराच्या सामाईक तिजोरीत जातात.

आता हा विभाग केवढा, ते पाहा. त्याच्या ताब्यात ३०,००० एकरांहून जास्त जागा, म्हणजे शहराची सुमारे १४ टक्के जमीन. मुलांची खेळायची मैदानं हजाराच्या घरात. समुद्रकिनारा २२ किलोमीटर. पोहण्याचे तलाव वेगळेच. त्यातले ११ मोठे तलाव १९३६ च्या एकाच उन्हाळ्यात खुले झाले. रॉबर्ट मोझेस हा हट्टी आयुक्त आणि मंदीच्या काळात सरकारी पैशातून कामाला लावलेले मजूर, यांची ती करामत. रस्त्याकडेची झाडंही याच विभागाकडे. २०१५ मध्ये ती मोजली, तेव्हा आकडा निघाला ६,६६,१३४. त्या मोजणीत २,२०० हून जास्त स्वयंसेवक खोडांना टेप लावत गल्लोगल्ली हिंडले होते.

शहराचं वर्षाचं बजेट अलीकडे अकरा हजार कोटी डॉलरच्या वर गेलंय. त्यातला उद्यानांचा वाटा किती? साधारण अर्धा टक्का. जमीन चौदा टक्के, पैसा अर्धा टक्का. एक टक्का तरी द्या, ही मागणी जुनीच. एरिक अ‍ॅडम्स यांनी २०२१ च्या महापौरपदाच्या निवडणुकीत तसा शब्दही दिला होता. त्यांच्या कारकिर्दीत तो पुरा झाला नाही. (निवडणुकीतले शब्द सगळीकडे सारखेच असतात.)

मग हा गाडा चालतो कसा? बराचसा भागीदारांच्या जिवावर. १९७५ च्या सुमारास शहर दिवाळखोरीच्या काठावर होतं, सेंट्रल पार्कची हिरवळ उजाड झाली होती. १९८० मध्ये ‘सेंट्रल पार्क कॉन्झर्व्हन्सी’ ही खासगी संस्था उभी राहिली. मालकी शहराचीच, पण निगा आणि खर्चाचा मोठा भार या संस्थेवर. ८४३ एकरांचे तिने ४९ विभाग पाडले आणि प्रत्येक विभाग एकेका माळ्याच्या नावावर केला. त्यामुळे कचरा कुठे दिसला, हिरवळ कुठे सुकली, तर जाब कोणाला विचारायचा हे ठरलेलं. माझ्या मते या संस्थेची खरी कमाई ही आहे, देणग्या नंतर.

देणग्याही मात्र डोळे दिपवणाऱ्या. बाकावर आपल्या माणसाच्या नावाची पट्टी लावायला दहा हजार डॉलर. २०१२ मध्ये जॉन पॉल्सन या गुंतवणूकदाराने एकरकमी दहा कोटी डॉलर दिले. एकरी हिशेब केला, तर एक लाख अठरा हजार डॉलर!

इथेच हे गणित मला टोचतं. सेंट्रल पार्कच्या कडेला अब्जाधीशांच्या खिडक्या आहेत. ब्रॉन्क्समधलं पेलहॅम बे पार्क त्याच्या तिपटीहून मोठं, २,७७२ एकरांचं. पण पॉल्सनसारखा दाता त्याच्या वाट्याला आलेला नाही. छोट्या बागांसाठी १९९५ पासून ‘पार्टनरशिप्स फॉर पार्क्स’ आहे, शेजारपाजारचे लोक तिच्यामार्फत झाडलोट आणि लागवड करतात. पण फुटलेली जलवाहिनी श्रमदानातून बदलता येत नाही. २०१३ मध्ये राज्याच्या एका सिनेटरने सुचवलं, की श्रीमंत बागांच्या संस्थांनी बजेटचा पाचवा हिस्सा गरीब बागांना द्यावा. कायदा झाला नाही. २०१५ मध्ये आठ संस्था स्वखुशीने मदतीला तयार झाल्या, तीही मुख्यतः सेवा आणि मनुष्यबळाच्या रूपात.

दात्याने कुठे द्यावं, हा त्याचा प्रश्न. शहराने मात्र हॉटडॉगच्या गाड्यांचे पैसे तरी बागांसाठी राखून ठेवायला हवेत.