राष्ट्रगीत, क्रीडांगण आणि गायकाची परीक्षा

७ ऑक्टोबर १९६८ रोजी अमेरिकेतील डेट्रॉइट शहरी बेसबॉलच्या ‘वर्ल्ड सिरीज’ मालिकेतील पाचवा सामना व्हावयाचा होता. सामन्यापूर्वी एक तेवीस वर्षांचा अंध तरुण हाती गिटार घेऊन मैदानात उभा राहिला आणि त्याने आपल्या देशाचे राष्ट्रगीत म्हटले. लय संथ होती; वळणे काहीशी लोकगीताची, काहीशी लॅटिन अमेरिकन गाण्याची होती. गाणे संपले तेव्हा टाळ्यांच्या जोडीला निषेधाचे आवाजही उठले. दूरचित्रवाणी कंपनीकडे आणि क्रीडांगणाच्या कचेरीत संतप्त दूरध्वनींचा पाऊस पडला. होसे फेलिसियानो हे त्या गायकाचे नाव. त्याच वर्षी त्याचे एक गाणे देशभर गाजले होते आणि तो कीर्तीच्या ऐन भरात होता. या प्रसंगानंतर अनेक आकाशवाणी केंद्रांनी आपली गाणी लावणे बंद केले, असे त्याने पुढे वारंवार सांगितले. ज्या समालोचकाने त्याची निवड केली होती, त्या अर्नी हारवेल यांनाही लोकांचा रोष सोसावा लागला.

या तरुणाचा अपराध कोणता? तो बेसूर गायला असे कोणी म्हटले नाही. शब्द विसरला असेही नाही. त्याचा जन्म पोर्टोरिको बेटावरचा. तेथील लोकांना १९१७ पासून अमेरिकेचे नागरिकत्व आहे, पण नागरिकत्व कायद्याने मिळते आणि आपलेपणा समाज देतो. डोळ्यांवर काळा चष्मा, वाढलेले केस, हाती गिटार, आणि देश व्हिएतनामच्या युद्धाने दुभंगलेला. अशा वेळी प्रेक्षकांच्या एका गटाला त्या संथ सुरांत युद्धविरोधी तरुणांची बंडखोरी ऐकू आली. वस्तुतः देशाने आपल्याला जे दिले त्याबद्दलची कृतज्ञता आपण आपल्या परीने व्यक्त केली, असे त्याचे म्हणणे होते. अवघ्या नऊ दिवसांनी, १६ ऑक्टोबरला, मेक्सिको सिटीच्या ऑलिंपिक मैदानावर हेच गीत वाजत असता टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस या कृष्णवर्णीय धावपटूंनी मुठी उंचावल्या. तो निषेध उघड होता. फेलिसियानोच्या गाण्यात निषेध नव्हता. तो ऐकणाऱ्यांनी त्यात घातला.

याच मालिकेच्या चौथ्या सामन्यात, म्हणजे आदल्याच दिवशी, त्याच मैदानावर मार्व्हिन गे याने हे गीत रूढ चालीत म्हटले होते आणि त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता. याच गे याने १३ फेब्रुवारी १९८३ रोजी लॉस एंजलिसनजीक इंगलवूड येथे बास्केटबॉलच्या ‘ऑल स्टार’ सामन्यापूर्वी हे गीत यंत्रावरील तालाच्या साथीने, डोलत, रेंगाळत, जवळजवळ प्रेमगीताच्या अंगाने म्हटले. आरंभी प्रेक्षक स्तब्ध झाले. मग हळूहळू टाळ्यांचा ठेका धरू लागले आणि अखेरीस सारे सभागृह त्या ठेक्यात सामील झाले. आज अमेरिकेत राष्ट्रगीताच्या उत्तम गायनाची चर्चा निघाली की हा प्रसंग हटकून पुढे येतो. पंधरा वर्षांत गीत बदलले नव्हते. बदलले होते ते ऐकणारे, युद्ध संपले होते, आणि कदाचित फेलिसियानोने आधीच मार खाऊन वाट मोकळी केली होती.

लोकप्रिय गायकांच्या राष्ट्रगीत गायनाची परीक्षा हा अमेरिकेत आता एक वार्षिक उद्योग झाला आहे. त्याकडे केवळ करमणूक म्हणून पाहणे चूक ठरेल, कारण परीक्षा नेमकी कशाची होते, गळ्याची की निष्ठेची, हे परीक्षकांचे त्यांनाच ठाऊक नसते.

हा गोंधळ समजून घ्यावयाचा तर मुळात ते गीत पाहावे लागते. फ्रान्सिस स्कॉट की या वकिलाने १८१४ च्या सप्टेंबरात, बाल्टिमोरजवळच्या मॅकहेन्री किल्ल्यावर इंग्रजी आरमाराने केलेला भडिमार रात्रभर पाहिल्यानंतर ते लिहिले. त्याला लावली गेलेली चाल मात्र लंडनमधील हौशी संगीतप्रेमींच्या एका मंडळाची, जॉन स्टॅफर्ड स्मिथ याने बांधलेली. मद्य आणि प्रणय यांची गाणी रचणाऱ्या ॲनाक्रिऑन या ग्रीक कवीला उद्देशून ते मूळ गीत होते. ज्या शत्रूच्या तोफांना तोंड दिले त्याच शत्रूच्या राजधानीतील मैफलीची चाल, हा इतिहासाचा विनोद सोडून देऊ. महत्त्वाची गोष्ट अशी की, ती चाल तयारीच्या एकट्या गायकाने म्हणावी आणि इतरांनी ध्रुपदाला साथ द्यावी, अशाच बेताने बांधलेली होती. तिचा विस्तार जवळजवळ दीड सप्तकाचा आहे. सामान्य माणसाने सोयीच्या पट्टीत आरंभ केला तर वरचे स्वर गाठताना त्याचा गळा हमखास फाटतो; पट्टी खाली आणावी तर आरंभीचे स्वर ऐकू येत नाहीत. आपले ‘जन गण मन’ सप्तकाहून किंचितच अधिक आवाक्यात फिरते. म्हणून शाळेतील पहिलीचा वर्गही ते एका सुरात म्हणू शकतो. अमेरिकन माणसाला त्याचे राष्ट्रगीत आवडते, परंतु ते गाता येत नाही. मग त्याच्या वतीने गाणारा कोणीतरी लागतो.

क्रीडांगणाशी या गीताची गाठ पडली ती महायुद्धामुळे. १९१८ च्या ‘वर्ल्ड सिरीज’मधील शिकागो येथील पहिल्या सामन्यात सातव्या डावाच्या विश्रांतीत बँडने हे गीत वाजविले. आरमारातून रजेवर आलेल्या एका खेळाडूने ताठ उभे राहून सलामी दिली, प्रेक्षक उभे राहिले, गाऊ लागले. त्या सामन्यात तोवर फारसा जल्लोष झाला नव्हता, तो या गीताने झाला. संयोजकांनी ते लगोलग हेरले आणि पुढच्या सामन्यांतही गीत वाजू लागले. ते कायद्याने राष्ट्रगीत झाले ३ मार्च १९३१ रोजी, म्हणजे त्यानंतर तेरा वर्षांनी. दुसऱ्या महायुद्धात ही प्रथा प्रत्येक सामन्याचा अविभाज्य भाग होऊन बसली. तात्पर्य, क्रीडांगणावरील राष्ट्रगीत हे आरंभापासून भक्ती आणि तिकीटविक्री यांचे संयुक्त अपत्य आहे. हे एकदा मान्य केले की पुढच्या पुष्कळ गोष्टींचे नवल वाटत नाही.

अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तूची एक व्याख्या आहे: एकाने उपभोग घेतल्याने दुसऱ्याचा वाटा कमी होत नाही आणि कोणालाही वगळता येत नाही. रस्त्यावरचा दिवा अशा प्रकारचा असतो, राष्ट्रगीतही. ते कोणाच्या मालकीचे नाही, म्हणून सर्वांचे आहे. परंतु दहा कोटींहून अधिक प्रेक्षक पाहत असलेल्या ‘सुपर बोल’ सामन्यापूर्वी ते म्हणावयास उभा राहणारा गायक बाजारातला विक्रेता असतो. त्याच्याजवळ तेच शब्द, तीच चाल, तोच दीड-दोन मिनिटांचा अवधी. आधीच्या पन्नास गायकांनी जे म्हटले तेच तसेच म्हटले तर त्याची आठवण कोण ठेवणार? या गायनाबद्दल त्याला मोठे मानधन मिळते असे नाही; त्याचा मोबदला म्हणजे लोकांच्या ध्यानात राहणे. बाजाराच्या परिभाषेत ज्याला वस्तुभेद म्हणतात तो त्याला करावाच लागतो. मग प्रत्येक स्वरावर हरकत येते, साध्या अक्षरावर सात मुरक्या येतात आणि अखेरचा स्वर दम संपेपर्यंत ताणला जातो. गीत किती सेकंद चालेल यावर पैजा लावणारेही घड्याळ लावून बसलेले असतात. गे याचे १९८३ चे ध्वनिमुद्रण २००८ मध्ये बुटांच्या एका बड्या कंपनीने जाहिरातीस वापरले, तेव्हा सार्वजनिक वस्तूचे खासगी वस्तूत रूपांतर करण्याची ती प्रक्रिया पूर्ण झाली असे म्हणावयास हरकत नाही.

पण एवढ्यावरून सर्व सजावट त्याज्य ठरविली तर व्हिटनी ह्यूस्टन हिच्या गायनाचे काय करावयाचे? २७ जानेवारी १९९१ रोजी टॅम्पा येथे तिने हे गीत म्हटले तेव्हा आखाती युद्धाला तोंड लागून दहा दिवस झाले होते. तिच्या संयोजकांनी मूळ तीन मात्रांची लय चार मात्रांची केली, त्यामुळे शब्दांना श्वास मिळाला आणि तिला स्वर उभे करण्यास जागा मिळाली. पांढऱ्या साध्या खेळाच्या पोशाखात, हरकतींचा मोह बहुतांशी आवरून तिने जे गायिले ते लोकांनी इतके उचलून धरले की त्याची ध्वनिमुद्रिका निघाली. २००१ च्या सप्टेंबरातील हल्ल्यानंतर ती पुन्हा काढण्यात आली आणि विक्रीच्या यादीत पहिल्या दहांत गेली. यातला पेच असा की, लोकांनी त्या दिवशी ऐकला तो स्वर आधी मुद्रित केलेला होता. मैदानावर ती गात होती खरी, पण प्रेक्षकांपर्यंत पोहोचला तो मुद्रित आवाज. याला फसवणूक म्हणावे काय? मैफलीच्या न्यायाने म्हणावे लागेल. परंतु त्या क्षणी सैनिकांच्या घरच्या माणसांना जे मिळाले ते खोटे होते, असे म्हणणे धारिष्ट्याचे होईल. याउलट ६ फेब्रुवारी २०११ रोजी क्रिस्टिना ॲगिलेरा ‘सुपर बोल’मध्ये खरोखरीच गायली, एका ओळीत अडखळली, आणि दुसऱ्या दिवशी देशभर तिचे हसे झाले. लोक प्रामाणिकपणाची मागणी करतात. पण तो चुकला की त्याला क्षमा करीत नाहीत.

फर्गी या गायिकेने १८ फेब्रुवारी २०१८ रोजी बास्केटबॉलच्या ‘ऑल स्टार’ सामन्यापूर्वी नाइट क्लबातील गाण्याच्या ढंगाने केलेला प्रयत्न तर खेळाडूंनाही हसू आवरता येईना असा झाला. तिने नंतर क्षमा मागितली. आता गे आणि फर्गी यांची तुलना केली तर दिसते की, धाडस दोघांनीही केले, सजावट दोघांनीही केली. फरक असा की, गे याच्या लयीत प्रेक्षकांना शिरण्यास दार होते. फर्गीच्या गायनात लय प्रत्येक वळणावर मोडत असल्यामुळे हजारो लोकांना नुसते पाहत राहण्यावाचून गत्यंतर उरले नाही. राष्ट्रगीताच्या गायनाची कसोटी लावावयाचीच असेल तर ती ही लावावी: गायकाबरोबर निदान मनातल्या मनात गाता येते काय? गळा किती तयार आहे, स्वर किती उंच गेला, हे त्यानंतरचे प्रश्न. या कसोटीवर पुष्कळ नामवंत नापास होतील, आणि १९६८ चा तो अंध तरुण, थोड्या कमी गुणांनी का होईना, उत्तीर्ण होईल.

कायद्याने ही कसोटी लावता येते असे मानणारेही आहेत. मॅसॅच्युसेट्स राज्याच्या कायद्यात हे गीत सजावट वा भर न घालता, स्वतंत्र रचना म्हणूनच सादर करावे आणि नृत्यसंगीत म्हणून वापरू नये, असे कलम आहे. भंग करणाऱ्यास शंभर डॉलरपर्यंत दंड. १९४४ च्या जानेवारीत विख्यात रचनाकार इगोर स्ट्राविन्स्की यांनी बोस्टन येथे आपली नवी स्वरयोजना सादर केली, तेव्हा त्यातील एका अनोळखी स्वरमेळामुळे पोलिसांनी त्यांना ताकीद दिली. त्यांना अटक झाली ही आख्यायिका मात्र खरी नव्हे. संगीतातील स्वरमेळाची शहानिशा पोलीस चौकीत होऊ लागली तर काय होईल, याची कल्पना ज्याने त्याने करावी.

आपल्याकडे हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. ‘वंदे मातरम्’ला राष्ट्रगीताचा मान मिळावा म्हणून मास्टर कृष्णराव फुलंब्रीकर यांनी जिवाचे रान केले, तेव्हा आक्षेप असा होता की ते गीत बँडवर वाजण्याजोगे नाही. मास्तरांनी ते समूहाला म्हणता येईल आणि बँडवर वाजविता येईल अशा चालीत बांधून दिल्लीत पंडित नेहरूंना ऐकविले. २४ जानेवारी १९५० रोजी निर्णय ‘जन गण मन’च्या बाजूने झाला आणि ‘वंदे मातरम्’ला समान सन्मान देण्यात आला. त्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतील. पण चाल समूहाला पेलते की नाही, हा प्रश्न आपल्याकडे गायकाच्या आधी विचारला गेला, ही नोंद घेण्याजोगी गोष्ट आहे. पुढे सरकारी नियमाने सुमारे ५२ सेकंदांचा अवधीही ठरला.

तथापि, वस्तुभेदाचा वारा आपल्याकडे पोहोचलाच नाही असे नाही. १९ मार्च २०१६ रोजी कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर भारत-पाकिस्तान क्रिकेट सामन्यापूर्वी अमिताभ बच्चन यांनी राष्ट्रगीत म्हटले. प्रशंसा झाली तशी, ठरलेल्या अवधीपेक्षा अधिक वेळ घेतला म्हणून तक्रारही झाली. पाकिस्तानचे राष्ट्रगीत म्हणणारे शफकत अमानत अली हे पतियाळा घराण्याचे, खानदानी तालमीचे गायक. ध्वनियोजनेतील बिघाडामुळे त्यांचे गायन फसले. त्यातच त्यांचा संघ सामना हरला, आणि स्वदेशात त्यांच्यावर एवढी टीका झाली की त्यांना जाहीर क्षमा मागावी लागली. घराण्याची विद्या त्या सायंकाळी उपयोगी पडली नाही. सामना जिंकला असता तर त्यांची चूक कितीजणांना आठवली असती, हा प्रश्न उरतोच.

२५ एप्रिल २००३ रोजी पोर्टलंड येथे बास्केटबॉलच्या सामन्यापूर्वी तेरा वर्षांची एक मुलगी हे गीत म्हणताना शब्द विसरली आणि चेहरा झाकून घेऊ लागली. घरच्या संघाचे प्रशिक्षक मॉरिस चीक्स बाजूने चालत आले, त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि विसरलेली ओळ स्वतः म्हणू लागले. चीक्स यांना गाणे येत नव्हते, हे कोणाच्याही ध्यानात यावे असा त्यांचा सूर होता. पाहता पाहता साऱ्या प्रेक्षागृहाने ते गीत उचलले आणि वरचे ते अवघड स्वर, जे एकेकट्याला कधीच गाठता येत नाहीत, त्या गर्दीने कसेबसे गाठले.

फेलिसियानो यांना पुन्हा बोलावणे येण्यास बराच काळ जावा लागला. समालोचक हारवेल यांच्या निधनानंतर २०१० मध्ये डेट्रॉइटच्या नव्या मैदानावर त्यांनी ते गीत त्याच चालीत म्हटले. १४ जून २०१८ रोजी, वयाच्या बहात्तराव्या वर्षी, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय इतिहास संग्रहालयात ते पुन्हा उभे राहिले. समोर क्रीडाप्रेक्षक नव्हते. निरनिराळ्या देशांतून येऊन त्या दिवशी अमेरिकेचे नागरिकत्व स्वीकारणारी माणसे होती. गिटार होती, लय तीच संथ होती, आणि या वेळी निषेधाचा एकही आवाज उठला नाही.