काटा दाबाचा, हिशेब हवेचा

इंजिनात जादा हवा ढकलणारा सुपरचार्जर समजून घ्यायला स्पोर्ट्स कारच दाराशी असावी लागत नाही. चिंचवड-भोसरीच्या एमआयडीसीत एखाद्या कारखान्याचा ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्लँट, बघून या. मागच्या शेडमध्ये कान किटवणारा एक ब्लोअर चालू असतो. ऑपरेटर त्याला ‘ट्विन लोब’ म्हणतात. टाकीच्या तळाशी हवा सोडून पाणी खदखदत ठेवायचं, एवढंच त्याचं काम. आत इंग्रजी आठच्या आकाराचे दोन रोटर एकमेकांना न शिवता फिरत असतात. मोटारीतल्या ‘रूट्स’ जातीच्या सुपरचार्जरचा हा सख्खा भाऊ. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कॉनर्सव्हिल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी त्याचं पेटंट 1860 साली घेतलं, तेव्हा पेट्रोलवर धावणारी मोटार जन्मालाही आली नव्हती. भट्टीला वारा घालायचं लोहाराच्या भात्याचं काम या यंत्राने कारखान्यात उचललं.

याच ब्लोअरजवळ उभं राहिलं की सुपरचार्जरबद्दलचा सर्वांत मोठा गैरसमज डोळ्यांदेखत फिटतो. टाकी रिकामी असेल तर प्रेशर गेजचा काटा शून्याजवळ पडून असतो. टाकीत चार मीटर पाणी भरलं की तोच काटा ‘पॉइंट चार किलो’वर जातो. मोटर तीच, फेरे तेच. मग हवा वाढली का? नाही, उलट किंचित घटली, कारण दाब वाढला की थोडी हवा रोटरच्या फटींतून मागे पळते. काटा हवेचं माप देतच नाही. हवेची वाट किती अडली आहे, ते तो सांगतो. म्हणून तर पुढचा व्हॉल्व्ह बंद ठेवून हा ब्लोअर चालू करायचा नाही, ही तिथली पहिली ताकीद असते.

इंजिनातही तेच घडतं. सुपरचार्जर हवा ढकलत राहतो, इंजिन तेवढी गिळू शकत नाही, आणि मध्ये तुंबलेल्या हवेचा दाब म्हणजे ‘बूस्ट’. सिलिंडर हेडच्या वाटा मोकळ्या केल्या तर बूस्ट उतरतो आणि हवा मात्र जास्त जाते. काटा खाली आला म्हणून हळहळणाऱ्या माणसाची गाडी प्रत्यक्षात सुधारलेली असते!

रूट्स ब्लोअर हवा ‘दाबतो’ हेही खरं नाही. दोन रोटरच्या मधून हवा चिरडली जात पुढे जाते, असं चित्र बहुतेकांच्या मनात असतं. प्रत्यक्षात ती रोटर आणि बाहेरचं कवच यांच्यामधल्या खोबणीत बसून, कडेकडेने, आहे त्याच आकारमानात पलीकडे जाते. दाब चढतो तो पलीकडच्या तुंबलेल्या हवेशी गाठ पडल्यावर.

आता गॅरेजात हमखास ऐकू येणारं वाक्य घेऊ : ‘सात पीएसआय बूस्ट, म्हणजे दीडपट हवा.’ सात पीएसआय म्हणजे जवळजवळ अर्धं वातावरण, त्यामुळे दाब दीडपट झाला हे बरोबर. पण सायकलमध्ये हवा भरताना पंपाची नळी हाताला चटका देते, ते आठवा. दाबलेली हवा तापते, आणि तापलेली हवा पसरते. ब्लोअरची कार्यक्षमता साठ टक्के धरली तर 27 अंशांची हवा बाहेर पडताना 88 अंशांच्या आसपास पोहोचते. हिशेब मांडला की दीडपट दाबाला हवा सव्वापटच भरते. अर्धा नफा उष्णतेने खाल्ला. इंटरकूलरने तीच हवा 50 अंशांवर आणली तर आकडा 1.39 पटीपर्यंत चढतो. इंटरकूलर शोभेचा नाही, हे मला ठासून सांगावंसं वाटतं.

इंजिनाला लिटरशी देणंघेणं नाही, ग्रॅमशी आहे. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला सुमारे 14.7 ग्रॅम हवा लागते. हवा किती ‘मोठी’ दिसते, याने तिथे काही फरक पडत नाही.

एक खरी गाडी घेऊन बघू. 2002 सालची मिनी कूपर एस. 1.6 लिटरचं इंजिन, त्यावर ईटनचा एम 45 सुपरचार्जर. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच श्वास घेतं, म्हणजे 6000 आरपीएमला मिनिटाला 4800 लिटर, सेकंदाला 80. एम 45 मधला 45 म्हणजे एका फेऱ्यात 45 घन इंच, साधारण 740 सीसी. इंजिनच पट्ट्याने त्याला फिरवतं, आणि पुलीमुळे तो इंजिनाच्या सुमारे दुप्पट वेगाने फिरतो, म्हणजे सेकंदाला 148 लिटर. कागदावर हवा 85 टक्के जास्त. प्रत्यक्षात सुपरचार्जर नसलेल्या कूपरची ताकद 115 अश्वशक्ती आणि एसची 163, दोन्ही 6000 आरपीएमलाच. वाढ 42 टक्के. उरलेलं गेलं कुठे? काही फटींतून मागे, काही उष्णतेत, काही पट्टा ओढण्यात. शिवाय तापलेल्या, दाबलेल्या हवेत नॉकिंग (इंधनाचा आपोआप भडका) होऊ नये म्हणून कॉम्प्रेशन रेशो 10.6 वरून 8.3 वर आणावा लागला, त्याचाही वाटा यात आहे.

प्रत्येक नावातला आकडा असा सरळ वाचता येत नाही. ड्रॅग रेसिंगमुळे प्रसिद्ध झालेला ‘6-71’ ब्लोअर घ्या. इथे 71 हे ब्लोअरचं माप नव्हे. जनरल मोटर्सच्या टू-स्ट्रोक डिझेल इंजिनाला सहा सिलिंडर, प्रत्येकी 71 घन इंचांचे, त्यावरून ते नाव पडलं. त्या इंजिनावर तो बसवला होता तो जळका धूर हुसकून ताजी हवा भरायला.

सुपरचार्जरची पुली लहान केली की फेरे वाढतात, तेवढी हवाही वाढते, हा समज अर्धाच बरोबर. काही मर्यादेपर्यंत वाढते. पुढे पट्ट्यावरचा भार आणि हवेचं तापमान नफ्यापेक्षा वेगाने चढतात.

आणि मग बारा व्होल्टवर चालणारे, एअर फिल्टरच्या नळीत बसवायचे ते ‘इलेक्ट्रिक सुपरचार्जर’ पंखे. कष्टाचे पैसे यात जातात, म्हणून इथे थोडं थांबतो. वरच्या 1.6 लिटर इंजिनाला अर्ध्या वातावरणाचा बूस्ट द्यायला सात किलोवॉटच्या आसपास शक्ती लागते. दोन हजार वॉटचे साडेतीन गिझर एकदम चालवण्याइतकी. बारा व्होल्टवर हा करंट 580 अँपिअरच्या पुढे जातो, आणि आपल्या छोट्या गाडीचा अल्टरनेटर शंभर अँपिअरच्या आसपास देतो. इलेक्ट्रिक कॉम्प्रेसर ही थाप नाही. ऑडीने 2016 मध्ये एसक्यू 7 गाडीत तो दिला, पण त्यासाठी वेगळी 48 व्होल्टची यंत्रणा बसवली, आणि तो सात किलोवॉटपर्यंत शक्ती घेतो. नळीतला प्लॅस्टिकचा पंखा मोकळ्या हवेत झुळूक छान देतो. इंजिन पूर्ण ताकदीने हवा ओढू लागलं की तोच वाटेत आडवा येतो.

यात कुणाच्या शब्दावर विसंबायची गरज नाही. बऱ्याच गाड्यांत इंजिनात जाणारी हवा मोजणारा एमएएफ सेन्सर असतो, आणि मेकॅनिककडचा स्कॅनर तो आकडा ग्रॅम प्रति सेकंदात दाखवतो. छोटं इंजिन आयडलला असताना तो दोन-तीनच्या घरात असतो, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून आरपीएम चढला की कित्येक पटींनी वर जातो. पंखा बसवण्याआधी, एकाच गिअरमध्ये, एकाच आरपीएमला तो आकडा लिहून घ्या, आणि बसवल्यावर पुन्हा बघा. पैसे त्यानंतर द्या.